तुझ्या पुस्तकातली शिपाईबाई

४ फेब्रुवारी

एकशे बाराव्या पानावर तू मला अशिक्षित म्हटलंयस. मी तिसरी पास आहे. चौथीत का गेले नाही ते तुला आठवणार नाही, कारण तेव्हा तू माझ्या कडेवर बसून माझीच वेणी चघळत होतीस.

हे आधी. खुशाली मागून. धाकटे, बरी असशील. तुझ्यासारखी माणसं बरीच असतात.

पुस्तक अजून छापूनही झालं नाही, मग हिच्या हाती पान लागलं कुठून, असं तुला वाटलं असेल. तू ज्या छापखान्यात हस्तलिखित दिलंस, तिथे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवणारी मुलगी माझी नात आहे. लेकीची लेक. तू तिला पाहिलेलं नाहीस, आणि तिला तुझं नाव माहीत नव्हतं, कारण ह्या घरात तेहतीस वर्षांत ते कुणी घेतलेलं नाही. ती प्रुफं घरी आणते. छापलेलं ती मोठ्याने वाचते आणि मी मूळ कागदावर बोट फिरवत जाते. शब्द सुटला की बोट आपटते. तेवढ्यापुरती माझी तिसरी पुरते.

अक्षर पहिल्याच ओळीला ओळखलं. 'ळ'ची शेपूट अजून तशीच लांब काढतेस. नातीला काही बोलले नाही. म्हटलं बघू, मी कितव्या पानावर येते.

नवव्या पानावर आई गेली. चांगलं लिहिलंयस, पोरीने ते दोनदा वाचलं. दहाव्या पानावर तू 'केवळ हिमतीवर' शिकलीस. मी म्हटलं, असेल बाई हिंमत नावाची कुणी, जी लोकांकडची भांडी घासून हिची फी भरत होती. तेविसाव्या पानावर टायपिस्टच्या जागेची जाहिरात तुझ्या 'योगायोगाने' नजरेस पडली. ती जाहिरात साहेबांनी फळ्यावर चिकटवायला माझ्या हातात दिली होती. मी ती आधी घरी आणून तुझ्या पुढ्यात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी लावली. तिच्यावर चहाच्या कपाचा गोल डाग होता, तो सगळ्या कचेरीने पाहिला. योगायोगाला डाग पडतो होय?

मग वाटलं, कामावरचा तुझा पहिला दिवस येईल तेव्हा तरी मी येईन. चपला घालता घालता तू म्हणालीस, "ताई, राग मानू नकोस हां. ऑफिसात मी तुला ताई म्हणणार नाही. टायपिस्टची बहीण झाडू मारते म्हटल्यावर लोक काय समजतील?" मी म्हटलं, "नको म्हणू. घरी म्हण म्हणजे झालं." तेव्हापासून तू मॅडम आणि मी शिपाईबाई. बत्तीस वर्षं एका छताखाली काढली, आडनावं वेगळी, कुणाला पत्ता लागला नाही. पुस्तकात त्या दिवसाचं काय आहे? नव्या टाइपरायटरचा आवाज.

एकशे अकरा पानं वाट बघितली. मग हे आलं: 'त्या काळी रेकॉर्ड रूममध्ये एक अशिक्षित शिपाईबाई होती. तिच्या निष्काळजीपणामुळे एक महत्त्वाचा कागद गहाळ झाला. तिला कामावरून काढून टाकावे असे वरिष्ठांचे मत पडले. मी मात्र माणुसकीच्या भावनेतून तिच्यासाठी शब्द टाकला. प्रशासकाने नियमाबरोबर हृदयही वापरावे, हा धडा मी तेव्हा घेतला.'

पोर वाचता वाचता थांबली. "आजी, बोट का थांबलं? शब्द सुटला का?"

मी म्हटलं, "पुढे वाच."

अगं, माझ्या जिवावर धडा घेतलास आणि वर माणुसकीही तुझीच? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. पुस्तक एक तारखेला छपाईला जाणार आहे, असं पोर सांगते. त्याआधी ते पान बदल. कागद कुणी काढला ते लिही. तुला सगळं माहीत आहे, मी शिकवायला नको.

तुझी थोरली


१३ फेब्रुवारी

मी पत्र तुला लिहिलं होतं, तुझ्या टेबलाला नाही.

'आपले दि. ४ चे पत्र मिळाले. मजकुराची नोंद घेण्यात आली आहे. प्रकृतीच्या कारणास्तव लेखिका व्यक्तिशः उत्तर देऊ शकत नाहीत.' खाली कुणा मदतनीस बाईची सही आणि वर जावक क्रमांक! निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली आणि घरातून जाणाऱ्या चिठ्ठीला अजून नंबर घालतेस. जेवायला बसताना हजेरी पण घेतेस का गं?

नोंद घेतली आहे म्हणतेस, तर नीट घे. मी सांगते तशी.

तू आवक-जावकच्या टेबलावर होतीस तेव्हाची गोष्ट. एका शिक्षिकेला शाळेतून काढलं होतं. त्यावर दाद मागायची तर अर्ज चौदा तारखेपर्यंत आपल्या कचेरीत पोचायला हवा होता. अर्ज टपालाने चौदालाच आला. त्यावर तुझा तारीखशिक्का पडला पंधराचा. एक दिवस उशीर, अर्ज फेटाळला, संपलं. फाईल माझ्याकडे रेकॉर्ड रूममध्ये आली आणि मी तिला गठ्ठ्यात बांधून मांडणीवर ठेवली.

दोन वर्षांनी ती बाई टपालाची पावती घेऊन वरच्या साहेबांकडे गेली. म्हणाली, माझा अर्ज चौदाला पोचलाय, पाकीट बघा, त्याच्यावर पोस्टाचा शिक्का असेल. आपल्याकडे पाकीट अर्जाच्या मागे टाचून ठेवायची पद्धत, ती तुलाच मी शिकवली. फाईल मागवली. अर्ज होता. पाकीट नव्हतं. टाचणीची दोन भोकं तेवढी होती.

किल्ली माझ्याकडे, म्हणून चोर मी. चौकशीचा अहवाल लिहिला नव्या हेडक्लार्कने. म्हणजे तू.

आता तुला कधी न सांगितलेली गोष्ट सांगते. मला वाचायला वेळ लागायचा, म्हणून रेकॉर्ड रूममध्ये माझी माझी रीत होती. कुठल्या गठ्ठ्याला कुणी हात लावला ते मी गाठीवरून ओळखायचे. हिशेबनीस सुतळी करकचून आवळायचा, सोडवताना नख तुटायचं. साहेबांचा ड्रायव्हर नुसता पीळ मारून सोडून द्यायचा. आणि तुझी गाठ सगळ्या इमारतीत एकटी होती. लहानपणी तुझ्या फ्रॉकचा पट्टा बांधायला मी तुला समोर बसवून शिकवलं. माझा उजवा हात तो तुझा डावा झाला, आणि तू जन्मभर फासा उलटा टाकत राहिलीस. मी कितीदा म्हटलं, बाजू बदल, माझ्या शेजारी बस, म्हणजे सुलटी येईल. तू म्हणायचीस, गाठ बसते ना, मग झालं.

फाईल मागवायला साहेबांचा माणूस आला, तेव्हा मी गठ्ठा खाली काढला. त्याच्यावर उलटी गाठ.

तू सुतळी तशीच लोंबकळत ठेवली असतीस तर मी उंदरांवर घातलं असतं. पण नाही! काम झाल्यावर गठ्ठा बांधून ठेवायचा, हे वळणही मीच लावलेलं. चोरी करताना सुद्धा तू नीटनेटकी.

मी ती गाठ सोडली आणि माझी बांधली. मग फाईल दिली. चौकशीत तुझ्यासमोर उभी राहिले. तू वर न बघता विचारलंस, "शिपाईबाई, किल्ली तुमच्याशिवाय कुणाकडे असते?" तुमच्याशिवाय! मी म्हटलं, "कुणाकडे नाही, मॅडम." दर शनिवारी ती किल्ली तू माझ्या पदराच्या टोकाची सोडून घ्यायचीस, चिठ्ठी न लिहिता, कारण घरच्या माणसाला चिठ्ठी कसली.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडून किल्ली घेतली. सर्व्हिस बुकात लाल शाईने 'विश्वासास अपात्र'. बारा वर्षं मी जिने पुसले. तुझ्या केबिनबाहेरचाही. तू अधीक्षक झालीस, मग अख्ख्या कचेरीची मुख्य प्रशासक. ओल्या पायरीवरून जपून चढायचीस, आणि खाली वाकलेल्या बाईकडे एकदाही पाहिलं नाहीस. रांगेतल्या लोकांना बसायला बाकं तू आणलीस, नंबराचे बिल्ले तू सुरू केलेस, म्हाताऱ्यांना आधी घ्यायचं हा नियम तुझा. हे पुस्तकात आहे आणि खरं आहे. मी खऱ्याला खोटं म्हणत नाही. काम तू चोख केलंस. म्हणून तर जास्त झोंबतं. सगळ्या जगासाठी तुझ्याकडे बाक होतं.

पान बदल.

थोरली


२१ फेब्रुवारी

तुझा मुलगा येऊन गेला. फळांची करंडी घेऊन आला होता, आजाऱ्याला भेटायला यावं तसा. दारात उभं राहून म्हणतो, "तुम्ही माझ्या मावशी लागता, असं आईने परवा सांगितलं."

मी म्हटलं, "लागते. जपून, उंबऱ्याला ठेच लागेल."

बिचाऱ्याचं वय पस्तीस आणि मावशी नवी कोरी मिळाली. बसला. चष्मा पुसला. मग तुझा निरोप काढला. "आई म्हणते, ते पान ती काढूनच टाकते. तुमचा उल्लेखच नको. म्हणजे कुणालाच त्रास नाही."

"तुझ्या आईची कागद काढून टाकायची सवय काही जात नाही," मी म्हटलं.

त्याला काही कळलं नाही. म्हणजे त्यालाही तू सांगितलेलं नाहीस. मीही सांगितलं नाही. फळं नातीने परत त्याच्या गाडीत नेऊन ठेवली. जाताना त्याने विचारलं, "मावशी, मग तुम्हाला नक्की हवंय काय?" मी म्हटलं, "आईला विचार. ती प्रशासक आहे, तिला लोकांच्या मागण्या समजतात."

तो गेल्यावर पोर माझ्यासमोर पाट मांडून बसली. तोवर तिला मी सगळं सांगितलं होतं. मला वाटलं, आता ही तुला चार शिव्या देईल आणि माझे पाय चेपील. ती म्हणते, "आजी, आणि त्या शिक्षिकेचं पुढे काय झालं?"

मी खेकसले. म्हटलं, "मला काय माहीत? मी काय तिच्या पाळतीवर होते?"

"तेहतीस वर्षांत एकदाही विचारलं नाहीस?"

मी तिला म्हटलं, उचलली जीभ लावली टाळ्याला, आजीशी असं बोलतात का. ती उठून कामाला गेली. मी उशीच्या अभ्र्यांना बटणं लावत बसले होते, तीन बटणं उलट्या बाजूला लावली.

धाकटे, मागच्या पत्रात मी काही गाळलं. तू वाचताना हसली असशील की थोरलीने तेवढं बरं वगळलं. तेही लिहिते आता. तुझ्या एकटीचंच पान का बदलायचं?

चौदा तारखेला तू जागेवर नव्हतीस. हेडक्लार्कची परीक्षा द्यायला गेली होतीस, आणि रजा शिल्लक नव्हती. साहेबांनी तीनदा विचारलं, "मॅडम कुठे आहेत?" तीनदा मी म्हटलं, "रेकॉर्ड रूममध्ये फायली मोजताहेत." तिसऱ्यांदा तर आकडाही सांगितला.

आणि ते पाकीट. ते पोस्टमनकडून माझ्या हाताने मी घेतलं. कुणाचं आहे ते मला माहीत होतं. ती बाई आदल्या दिवशी कचेरीत येऊन मलाच विचारून गेली होती, "पाकीट टाकलंय, उद्या पोचेल ना?" मी म्हटलं होतं, "पोचेल की." पोचलं. मी ते तुझ्या रिकाम्या टेबलावर वजनाखाली ठेवलं. साहेबांकडे नेलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे शिक्का मारला असता, आणि पुढचा प्रश्न विचारला असता, की मॅडम कुठे आहेत आणि पाकीट तुम्ही का आणताय. म्हणून नेलं नाही. दिवसभर चार वेळा त्या टेबलावरून फडकं फिरवलं, पाकीट उचलून, पुसून, परत जागेवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तू आलीस. मी तुला सांगितलं, "हे कालचं आहे." तू म्हणालीस, "कालचा शिक्का आज मारला तर काल मी होते कुठे, हे विचारतील. एका दिवसाने काय होतंय?" आणि मी म्हटलं, "काही नाही होत."

चौकशीत मी गाठीचं बोलले नाही. बहिणीला वाचवलं, असं मी तेहतीस वर्षं मनाशी म्हणत आले. तो माझा दागिना होता. आता घासून बघितला तर पितळ. गाठीचं सांगितलं असतं तर तू कागद का काढलास ते निघालं असतं, मग चौदा तारीख निघाली असती, मग 'फायली मोजताहेत' कोण म्हणालं ते निघालं असतं.

पण म्हणून तू सुटलीस असं समजू नकोस. मी खोटं बोलले ते तुझ्यासाठी. तू खोटं लिहिलंस ते माझ्यावर. ह्यात फरक आहे, आणि तो तू कुठल्याही जावक क्रमांकाने पुसू शकणार नाहीस.

थोरली


२७ फेब्रुवारी

मी जाऊन आले तिच्याकडे.

पत्ता लक्षात होता. अर्ज फेटाळल्याचं पत्र मीच हाताने नेऊन दिलं होतं, शिंप्याच्या दुकानावरचं घर, बाहेरून लोखंडी जिना. शिंप्याचं दुकान गेलं, आता तिथे चष्मे विकतात. जिना तोच. नातीने दंडाला धरून चढवलं. नातीला पाठवून देऊन आपण बसून राहावं असंही मनात आलं, पण म्हटलं, त्या वेळी शिपाईबाईच आली होती, आताही तिनेच जावं.

ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान. गुडघे मात्र माझ्याहून गेलेले. पुढच्या खोलीत फळा आहे, त्यावर अपूर्णांक. पुन्हा कुठल्या शाळेने तिला घेतलं नाही, म्हणून ह्या खोलीतच लोकांची पोरं शिकवत आली. नवरा मध्येच गेला. मूल नाही. हे तिने मी विचारल्यावर सांगितलं, आपण होऊन नाही.

मी बसले नाही. उभ्यानेच सांगून टाकलं. म्हटलं, "बाई, तुमचं पाकीट चौदालाच पोचलं होतं. सकाळी. मी घेतलं. टेबलावर कुणी नव्हतं, आणि नाही हे मी लपवलं."

ती खूप वेळ खडूचा डबा बंद करत राहिली. झाकण बसत नव्हतं.

"मला वेडी म्हणायचे," ती म्हणाली. "माझा भाऊसुद्धा. म्हणायचा, तूच उशिरा टाकलं असशील, आता विसर. पुढे पुढे मलाही वाटायला लागलं, की मीच उशिरा टाकलं असेन."

धाकटे, मी लाल शाई सोसली, किल्ली गेलेली सोसली, बारा वर्षं जिने पुसले. पण मला निदान माहीत होतं, की मी चोर नाही. आपण दोघींनी तिचं तेवढंही ठेवलं नाही.

मग तिने विचारलं, "टेबलावरची बाई कुठे गेली होती त्या दिवशी?"

मी म्हटलं, "परीक्षेला."

"पास झाली?"

"पहिल्या नंबराने."

ती हसली. खरंच हसली गं, दात दिसेपर्यंत. म्हणाली, "चला, कुणीतरी वेळेवर पोचलं."

नात रडायला लागली. मला रडू आलं नाही, मला तुझा राग आला. इतका, की जिना उतरताना मला नातीचा हात लागला नाही.

तुझं नाव मी तिला सांगितलेलं नाही. तिने विचारलंही नाही. म्हणाली, "ते तिला सांगू दे. येईल का ती?" मी म्हटलं, "तिला येण्याची सवय नाही, लोक तिच्याकडे जायचे. पण लिहिते बरं."

आता पानाचं ऐक. पोरीने छापखान्याच्या मालकाला सांगितलंय, की एकशे बारावं पान लेखिकेकडून यायचं आहे. एक तारखेची वेळ त्याने सोमवारपर्यंत पुढे नेली. त्यापलीकडे तो थांबणार नाही आणि मी त्याला थांबवायला सांगणार नाही. त्या पानावर माझं काय लिहायचं ते तुझं तू बघ. अशिक्षित लिही, निष्काळजी लिही, पाहिजे तर ताई लिही. पहिल्या पत्रात माझ्यासाठी भांडत होते, ते भांडण मी मागे घेते. मिटलं म्हणून नव्हे. तू मला विकलंस, आणि हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण माझ्या पुढे आणखी एक बाई रांगेत उभी आहे, आणि तिला नंबर आपण दिलाच नव्हता.

तेव्हा उत्तर मला लिहू नकोस. मी फोडणार नाही. उत्तर तिला लिही, पत्ता पाकिटाच्या मागे आहे. टाइप करायचं नाही, नंबर घालायचा नाही, मदतनीस बाईची सही नको, मुलाला फळं देऊन पाठवायचं नाही. तुझ्या हाताने, तुझ्या अक्षरात, कुठल्या तारखेला तू कुठे होतीस ते लिही आणि खाली पूर्ण नाव घाल. आणि ती मला विचारेल, की मॅडम कुठे आहेत, तर ह्या वेळेला मी काही सांगणार नाही. ते तू सांगायचं.